बेदाणा शीतगृहांतील वीजबचत व देखभाल (सांगली जिल्हा)

वाळवलेली द्राक्षे सौद्यात विकली जाईपर्यंत थंडीत राखणारे गोदाम म्हणजे बेदाणा शीतगृह. सांगली, मिरज, तासगाव व कवठेमहांकाळ भागात त्याला सर्रास ‘कोल्ड स्टोरेज’ म्हणतात. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिरवा बेदाणा उष्म्यात राहिला की काळपट पडतो आणि दर उतरतो; म्हणून तो साधारण ४ ते ५ अंश सेल्सिअसला ठेवतात.

या शीतगृहांची खरी कसोटी मार्च ते मे महिन्यांत लागते. वाळवणीच्या शेडवरचा गरम माल पेट्यांतून एकदम येतो आणि तेव्हाच बाहेरचा पारा चाळिशीकडे सरकलेला असतो. देखभाल त्याआधी, थंडीतच उरकायला हवी. हंगामात यंत्र थांबवणे परवडत नाही.

मोठ्या शीतगृहांत बहुधा अमोनिया वायू खेळवून गारवा देणारी यंत्रणा असते. विजेचा मोठा वाटा कॉम्प्रेसर (हा वायू दाबणारे यंत्र) खातो आणि त्याचे काम कंडेन्सर (दाबलेला वायू गार करून त्याचा द्रव करणारा भाग) किती स्वच्छ आहे यावर ठरते. बोअरच्या जड पाण्याने नळ्यांवर क्षाराचा थर चढतो, उष्णता बाहेर पडत नाही आणि हेड प्रेशर (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या वायूचा दाब) वाढते. कंडेन्सिंग तापमान (वायूचा द्रव होतो ते तापमान) एक अंशाने उतरले तरी ढोबळमानाने दोन-तीन टक्के वीज वाचते. कूलिंग टॉवरचे (कंडेन्सरचे पाणी गार करणाऱ्या मनोऱ्याचे) पाणी ठरावीक काळाने बदलणे आणि क्षार काढणे हे त्यामुळे नव्या यंत्राच्या खरेदीपेक्षा आधी करण्याचे काम आहे.

प्रेशर चढण्याचे दुसरे कारण म्हणजे यंत्रणेत शिरलेली हवा. ती काढताना पर्ज व्हॉल्व्हच्या (हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) नळीचे टोक पाण्याच्या बादलीत बुडवतात. बुडबुडे पृष्ठभागापर्यंत येत असतील तर हवा निघते आहे. बुडबुडे वरच येईनासे झाले आणि पाण्यात तडतड ऐकू येऊ लागली की अमोनिया सुटला, कारण तो पाण्यात लगेच विरघळतो. तिथेच व्हॉल्व्ह बंद करायचा. हे काम मास्क व हातमोजे घालून, जाणत्या ऑपरेटरनेच करावे.

चेंबरमधील (माल ठेवायच्या खोलीतील) कॉइलवर, म्हणजे गारवा देणाऱ्या नळ्यांवर, बर्फ धरला की गारवा मालापर्यंत पोहोचत नाही. कॉम्प्रेसरमधून वाहून आलेले तेल अमोनियापेक्षा जड असल्याने तळाशी साचते. तेही वेळच्या वेळी काढावे लागते. दाराच्या रबराची परीक्षा सोपी आहे: कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे, ती सहज ओढून निघाली तर रबर बदलावे. पावसाळ्यात ओली हवा तिथूनच आत शिरते आणि कॉइलवर बर्फ होऊन बसते.

पंख्यांकडे मात्र फारच कमी लक्ष दिले जाते. ताज्या फळांची श्वसनक्रिया चालू असते, बेदाण्याची जवळजवळ नसते. माल एकदा गार झाला की आतली उष्णता मुख्यतः भिंती, दारे, दिवे, हमालांची ये-जा आणि पंखे यांचीच. पंख्याने ओढलेली वीज शेवटी चेंबरमध्येच उष्णता होते व ती काढायला कॉम्प्रेसर पुन्हा वीज घेतो. पंख्याचा वेग निम्मा केल्यास त्याला लागणारी शक्ती सुमारे एक अष्टमांश उरते. म्हणून वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवणे किंवा निदान काही पंखे आळीपाळीने बंद ठेवणे फायद्याचे ठरते. पेट्यांच्या थप्प्या भिंतीला व छताला न चिकटवता हवेला वाट ठेवली, तरच कमी वेगातही मधल्या पेट्या गार राहतात.