बनावट नंबरप्लेट आणि अतिवेगाचे ई-चलान

दुसऱ्याच्या गाडीचा नंबर आपल्या गाडीवर लावून फिरण्याला बोलीत ‘डुप्लिकेट नंबर’ म्हणतात. अशी गाडी कॅमेऱ्यासमोरून सुसाट गेली की चलान खऱ्या मालकाच्या नावाने निघते, कारण यंत्रणा पाटी वाचते आणि तो नंबर ज्याच्या नावावर आहे त्याला मेसेज पाठवते. निरपराध माणसाला आपली बाजू सिद्ध करत फिरावे लागते, हा यातला खरा अन्याय.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत ताजमहाल हॉटेलबाहेर एकाच नंबरच्या दोन अर्टिगा गाड्या सापडल्या. एकाच्या नावाने न केलेल्या गुन्ह्यांची चलाने येत होती. दुसऱ्याने हप्ते थकल्यामुळे वसुलीवाल्यांना चुकवायला आपल्या नंबरातल्या शेवटच्या ३ चा ८ केला होता, असे तपासात पुढे आले.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार हलक्या वाहनाला अतिवेगासाठी १,००० ते २,००० रुपये दंड आहे. कटकट नको म्हणून अनेक जण तो भरून टाकतात. तसे करू नये. दंड भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, आणि पुढचे चलान नाकारताना तीच पावती आड येते.

आधी चलानावरचा फोटो उघडून जपून ठेवावा. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ प्रमाणे नोटीस १५ दिवसांत पाठवायची असते आणि तिच्यात फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण द्यावे लागते. हा फोटोच मालकाचा सर्वांत भक्कम साक्षीदार. मॉडेल आणि रंग तोच असला तरी दारावरचा पोचा, मागच्या काचेवरचे एकवीरा आईचे स्टिकर, छतावरचा कॅरियर, व्हीलकॅप यांत फरक सापडतोच. पाटीवरच्या अक्षरांची जाडी आणि त्यांच्यातले अंतरही निरखावे. मग त्याच कोनातून आपल्या गाडीचे फोटो काढावेत.

त्या वेळी गाडी कुठे होती, हे फास्टॅगचा तपशील, गॅरेजचे जॉबकार्ड किंवा सोसायटीचा सीसीटीव्ही सांगतो. सीसीटीव्हीचे चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते, म्हणून ते सर्वांत आधी मागावे.

हे सगळे जोडून वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करता येते. गप्प बसणे धोक्याचे. गाडी कोण चालवत होते हे पोलिसांनी विचारल्यास सांगणे कलम १३३ प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे. तेव्हा ‘फोटोतली गाडी माझी नाही’ असे लेखी उत्तर द्यावे. आरटीओलाही कळवावे.

चलान रद्द झाले तरी डुप्लिकेट गाडी रस्त्यावरच असते. त्यामुळे पोलीस ठाण्यात वेगळी फिर्याद देऊन तिची प्रत गाडीत आरसीसोबत ठेवावी. उद्या ती गाडी कुणाला उडवून पळाली, तर नाकाबंदीत अडवली जाईल ती आपली.