पुण्याच्या सायकलस्वाराची मोजदाद

मागच्या पिढीतल्या पुणेकराला सायकलचा बिल्ला अजून आठवतो. पत्र्याचा, तळहातात मावेल एवढा, त्यावर साल आणि एक आकडा. दरवर्षी कर भरायचा, नवा बिल्ला घ्यायचा आणि तो तारेने सायकलला घट्ट आवळून बांधायचा. बिल्ला नसला तर सायकल जप्त व्हायची भीती. अंधार पडल्यावर दिवा नसला तर चौकातला पोलीस हात करणार, आणि डबलसीट सापडलात तर तो चाकातली हवा सोडून देणार. घासलेटचा दिवा वाऱ्याने विझला ही सबब रोजचीच असल्यामुळे कुणी ऐकून घेत नसे. पुढे डायनॅमो आला तेव्हा चढावर पायडल आणखी जड झाले, पण दंड वाचला.

हा सगळा जाच होता, यात शंका नाही. मात्र त्या बिल्ल्यामुळे एक गोष्ट आपोआप होत होती: सायकलस्वार सरकारी वहीत होता. नगरपालिकेला, आणि १९५० नंतर महापालिकेला, तो दिसत होता. त्याच्याकडून कर येत होता आणि त्याच्यासाठी नियम होते. आज सायकलवरचे कर आणि परवाने गेले, ते बरेच झाले. पण आरटीओच्या नोंदीत फक्त मोटारवाहने येतात. स्कूटर विकत घेतली की शहराच्या आकड्यात एकाची भर पडते. सायकल घेतली किंवा भंगारात दिली तरी कुठल्याच वहीत फरक पडत नाही. पुण्यातल्या सायकलस्वारांच्या हक्कांची चळवळ मला या बाजूने पाहावीशी वाटते. ती ट्रॅकसाठी आहे, सुरक्षिततेसाठी आहे, हवेसाठी आहे, पण सगळ्यात आधी ती मोजले जाण्यासाठी आहे.

‘सायकलींचे शहर’ हे नाव पुण्याला कौतुकाने मिळाले, तरी त्यामागे साधी गरज होती. शहर आटोपशीर होते. पेठांपासून डेक्कनपर्यंत, कॅम्पापर्यंत अर्ध्या तासाच्या आत पोचता येई, आणि पर्वतीचा पायथा सोडला तर चढही फारसे नव्हते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. स्वातंत्र्यानंतर पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग आकुर्डीला बजाज, पुढे टेल्को (आताची टाटा मोटर्स). पाळी सुटल्याचा भोंगा झाला की कारखान्यांच्या फाटकांतून सायकलींचा लोंढाच बाहेर पडे. हँडलला डब्याची पिशवी, पँटच्या पायाला क्लिप, कॅरियरवर भाजी. ज्याला स्वतःची सायकल परवडत नसे तो तासाच्या भाड्याने घेई. भाड्याने देणारी दुकाने पेठापेठांत होती, आणि मोठ्यांच्या उंच सायकलच्या दांड्याखालून पाय घालून ‘हाफ पेडल’ शिकलेली मुले तिथूनच तयार होत. कॉलेजला सायकलवरून जाणाऱ्या मुली हे तर पुण्याचे खास दृश्य. मुलीने स्वतःच्या चाकावर, कुणाची वाट न पाहता, शहरभर फिरणे ही गोष्ट या शहरात सायकलने नेहमीची करून टाकली.

मग स्कूटर आली, पण लोक समजतात तशी ती एका रात्रीत आली नाही. १९७२ मध्ये चेतक निघाली खरी, पण नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्यामुळे सत्तरच्या दशकात रस्ता सायकलचाच राहिला. त्याच वर्षी लुना आली. सायकलसारखेच पायडल असलेली, हलकी, स्वस्त. कारकुनाच्या, शिक्षिकेच्या आवाक्यात आलेले ते पहिले इंजिन. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा, १९८५ मध्ये हिरो होंडाची शंभर सीसीची मोटारसायकल. आयुष्यभर सायकली बनवणारे हिरोचे घराणेही मोटारसायकलीकडे वळले. नव्वदनंतर हप्त्यांवर गाडी मिळू लागली आणि कॉलेजच्या मुली तोंडाला स्कार्फ बांधून स्कूटीवर दिसू लागल्या. यात कुणाला दोष देता येत नाही. शहरच पसरले होते. १९९७ मध्ये आजूबाजूची २३ गावे महापालिकेच्या हद्दीत घेतली गेली, हिंजवडीचे आयटी पार्क उभे राहू लागले, आणि पाच किलोमीटरचा रोजचा रस्ता पंधरा-वीस किलोमीटरचा झाला. बससेवा त्या वेगाने वाढली नाही. ज्याला जमले त्याने गाडी घेतली, आणि ज्याला जमले नाही तो त्या गाड्यांच्या गर्दीत सायकल चालवत राहिला.

सायकलसाठी वेगळी वाट कधी करायची हे मात्र देशाने फार आधी ठरवून ठेवले होते. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे सायकल ट्रॅकविषयीचे मानक १९६२ चे आहे. त्यातला हिशेब असा: गर्दीच्या तासाला ४०० सायकली आणि १०० ते २०० मोटारवाहने जात असतील तर स्वतंत्र ट्रॅक द्यावा. मोटारवाहने तासाला २०० च्या वर गेली, तर सायकली १०० असल्या तरी ट्रॅक रास्त ठरतो. ट्रॅकची रुंदी किमान दोन मीटर. आज पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या रस्त्यावर तासाला दोनशे वाहने हा आकडा काही मिनिटांतच ओलांडला जातो. म्हणजे खरे तर दारूगोळा कारखान्याच्या आणि टेल्कोच्या कामगारांनी रस्ते भरले होते, तेव्हाच हे ट्रॅक व्हायला हवे होते. ते झाले नाहीत. आणि या मानकात एक अडचणही दडलेली आहे. रस्ता जितका धोक्याचा, तितके सायकलवाले कमी. ते कमी झाले की मोजणीत शंभरही भरत नाहीत, आणि भरत नाहीत म्हणून ट्रॅकची गरज नाही असे कागदावर सिद्ध होते. भीतीने घरी बसलेला माणूस कुठल्याच गणनेत येत नाही.

संघटित आवाज उठला तो ऐंशीच्या दशकात. सुजित पटवर्धन यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ‘परिसर’ ही संस्था पर्यावरणाच्या प्रश्नांतून वाहतुकीकडे आली. रुंदीकरण, उड्डाणपूल, टेकड्या फोडून रस्ते या एकेका प्रस्तावावर ‘यातून किती माणसे जातील’ हा प्रश्न ती विचारत राहिली. किती गाड्या जातील, असा प्रश्न विचारायची तोवर सगळ्यांना सवय होती. माणसे मोजायला लागले की साठ माणसांची बस आणि एका माणसाची मोटार यांतला फरक डोळ्यांत भरतो, आणि रस्त्याच्या कडेने जाणारा सायकलवालाही एक पूर्ण माणूस म्हणून धरावा लागतो. हा विचार दिल्लीत धोरण म्हणून पोचायला २००६ साल उजाडले. त्या वर्षीच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात रस्त्याची जागा वाहनांऐवजी माणसांना वाटून द्यावी असे स्पष्ट म्हटले आहे.

त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर २००५ मध्ये, केंद्राची जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजना सुरू झाली होती, आणि तिच्या पैशांबरोबर हे धोरणही शहरांच्या गळी उतरले. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये सातारा रस्ता आणि सोलापूर रस्त्यावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतून जाणारी जलद बससेवा, प्रायोगिक म्हणून धावली. बसच्या स्वतंत्र मार्गिकेबरोबर कडेला सायकल ट्रॅकही आले. ही चळवळीची पहिली मोठी कमाई, आणि तिथेच तिला पुढचा धडा मिळाला.

शहरात त्या काळी झालेल्या अशा एका ट्रॅकवरून मी बऱ्याचदा गेलो आहे. लाल पेव्हर ब्लॉक, सुरुवातीला सायकलचे चित्र रंगवलेले. शंभरेक मीटर छान जाते. मग बसथांबा येतो आणि ट्रॅक त्याच्या मागच्या भिंतीत संपतो. उतरा, सायकल उचला, पुन्हा चढवा. पुढे विजेचा डीपी बरोबर मधोमध, त्याच्या दोन्ही अंगांना हँडल जेमतेम निघेल एवढी जागा. मग ब्लॉक खचलेले, चेंबरचे झाकण चार बोटे वर आलेले. मग दुकानासमोर ओळीने लावलेल्या दुचाकी. चौक जवळ आला की ट्रॅक थेट रस्त्यावर सोडून देतो, आणि सायकलस्वाराला त्याची सगळ्यात जास्त गरज नेमकी चौकातच असते. म्हणून लोक ट्रॅक सोडून रस्त्यावरून जातात, आणि मोटारवाला काच खाली करून ओरडतो, “ट्रॅक बांधलाय ना तुमच्यासाठी!” ट्रॅकची लांबी किलोमीटरमध्ये मोजली गेली, तो सलग आहे का हे कुणी मोजले नाही. त्यानंतर सायकलवाल्यांच्या मागण्यांची भाषा बदलली. नुसता ट्रॅक नको, जाळे हवे. चौकातली आखणी हवी, उताराच्या कडा हव्यात, देखभालीसाठी पालिकेत जबाबदार माणसे हवीत.

हे सगळे कागदावर उतरले ते २०१७ च्या सायकल आराखड्यात. त्या डिसेंबरमध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने तो मंजूर केला. ८२४ किलोमीटरचे जाळे, सायकल लावायला जागा, भाड्याच्या सायकलींची योजना. देशात अशा प्रकारचा इतका सविस्तर आराखडा करणारी शहरे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्याच महिन्यात विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये मोबाइलवरून उघडणाऱ्या सायकली आल्या. आधी ‘पेडल’ ही कंपनी, पाठोपाठ ओफो, मोबाइक, युलू. पिवळ्या, केशरी, निळ्या. काही महिने शहराला जुने दिवस आठवले. दोन-तीन वर्षांत या सायकली दिसेनाशा झाल्या. काही मोडल्या गेल्या, काही कंपन्यांनी जगभरच गाशा गुंडाळला. आणि ज्या जाळ्यावर त्या चालायच्या होत्या ते जाळे मुळात विणलेच गेले नव्हते. सायकल आधी आणि रस्ता नंतर, हा क्रम उलटा होता.

२०२० च्या टाळेबंदीत रस्ते रिकामे झाले आणि माळ्यावरच्या सायकली खाली आल्या. केंद्राने ‘सायकल्स फॉर चेंज’ ही शहरांसाठीची स्पर्धा जाहीर केली; १०७ शहरांनी नाव नोंदवले. निवडलेल्या अकरांत महाराष्ट्रातून नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होते. पुणे नव्हते. आराखडा पुण्याने आधी केला होता, म्हणून हे जास्त लागते.

मुंबईची कथा इथे थोडक्यात सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे एक गल्लत दूर होते. पवई तलावाच्या काठाने सायकल ट्रॅक बांधायला घेतला होता. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी तो बेकायदा ठरवून भराव काढायला सांगितला. न्यायालयात गेलेले आयआयटीचे विद्यार्थी होते, सायकलचे वैरी नव्हते. तलाव बुजवून रविवारच्या फेरफटक्याची सोय करणे आणि कामावर जाणाऱ्याला चौक सुखरूप ओलांडता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सायकलच्या नावाने खर्च झालेला प्रत्येक रुपया सायकलस्वारापर्यंत पोचतोच असे नाही.

कायद्याची बाजूही हळूहळू सरकते आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८(१अ) आले. सायकलीसारखी इंजिनाविना चालणारी वाहने आणि पादचारी यांच्याविषयी नियम करण्याचा अधिकार त्याने राज्यांना दिला. वर्षे गेली, नियम फारसे कुठे झाले नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घालून दिली. हे कलम दुधारी आहे, हे विसरून चालणार नाही. नियम हक्क देण्यासाठी करता येतात, तसेच बंदीसाठीही. कोलकात्याने वाहतुकीला अडथळा म्हणून २०१३ मध्ये १७४ रस्त्यांवर सायकलबंदी केली होती, आणि तिचा फटका दूधवाल्याला, पेपरवाल्याला, घरकाम करणाऱ्या बाईला बसला. पुण्यात नियम लिहायला बसतील त्यांच्यासमोर कोण सायकलस्वार असेल, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

हेल्मेट घालून पहाटे खडकवासल्याला जाणारे गट आता सगळ्यांना दिसतात, आणि त्यांनी सायकलला प्रतिष्ठा मिळवून दिली हे खरेच. पण सकाळी सहा-साडेसहाला म्हात्रे पुलावर थोडा वेळ उभे राहा. रात्रपाळी संपवून निघालेला सोसायटीचा वॉचमन येतो. जुनी काळी सायकल, मागचे मडगार्ड सुतळीने बांधलेले, कॅरियरवर घोंगडी आणि रिकामा डबा. दिवा नाही, डायनॅमो नाही, बिल्ला तर नाहीच. गर्दीच्या तासाची वाहनमोजणी सुरू होईल, तोपर्यंत तो घरी पोचून झोपलेला असतो.