सीरियातील परकीय सत्तास्पर्धा
सीरियातील यादवी युद्धाच्या काळात (२०११–२४) इराण, रशिया, तुर्कस्तान, अमेरिका, इस्रायल आणि आखाती अरब देश यांच्यात त्या भूमीवर चाललेली चढाओढ. मार्च २०११ मध्ये दरआ शहरात सुरू झालेली निदर्शने राष्ट्राध्यक्ष बशर अल्-असद यांच्या राजवटीने बळाने चिरडली आणि पाहता पाहता यादवी पेटली. घरचा पाठिंबा आटलेल्या या राजवटीला बाहेरचा टेकू घ्यावा लागला. परकीयांना वाट मिळाली ती इथूनच.

इराणला लेबनॉनमधील हिजबुल्ला या आपल्या पाठिंब्यावरील सशस्त्र संघटनेपर्यंत शस्त्रे पोहोचवायची, तर सीरियातला मार्ग हाती हवा होता. हिजबुल्लाच्या लढवय्यांनी २०१३ मध्ये लेबनॉन सीमेजवळचे अल्-कुसैर हे शहर असद यांना जिंकून दिले. तरीही असद यांची बाजू ढासळत होती. ती सावरली रशियाने, ३० सप्टेंबर २०१५ पासून सुरू केलेल्या हवाई हल्ल्यांनी. बदल्यात रशियाने सीरियाच्या किनारपट्टीवर हमेमीमचा विमानतळ मिळवला आणि तार्तुसचा जुना नाविक तळ पक्का केला. सौदी अरेबिया व कतार यांनी बंडखोरांना पैसा पुरवला खरा, पण प्रत्येकाचे गट वेगळे. त्यामुळे विरोधकांची फळी कधी एक झालीच नाही. इस्लामिक स्टेट या जिहादी संघटनेविरुद्ध अमेरिकेने कुर्दांच्या नेतृत्वाखालील दलांना हाताशी धरले. याच कुर्दी दलांना तुर्कस्तान शत्रू मानत होता, आणि अमेरिका व तुर्कस्तान दोन्ही नाटोचे सदस्य! तुर्की सैन्य २०१६ पासून वारंवार उत्तर सीरियात घुसले.

या खेळीत निम्म्याहून अधिक सीरियन लोक घरादाराला मुकले. परकीय प्रभावाचा कोणताही हिशेब त्यांना वगळून मांडणे अन्यायाचे आहे.

पुढे रशिया युक्रेनमध्ये गुंतला आणि २०२४ मध्ये इस्रायलने हिजबुल्लाचे कंबरडे मोडले. टेकू निघाले. २७ नोव्हेंबरला वायव्येकडील इदलिबमधून निघालेले हयात तहरीर अल्-शाम या इस्लामी गटाचे बंडखोर ८ डिसेंबरला दमास्कसमध्ये होते. असद मॉस्कोला पळाले. त्याच सुमारास इस्रायली सैन्य इस्रायलव्याप्त गोलान टेकड्यांलगतच्या, १९७४ च्या इस्रायल-सीरिया करारातील निर्लष्करी पट्ट्यात शिरले. इराण बाहेर फेकला गेला, तुर्कस्तानचे वजन वाढले. सीरियाकडची जागतिक बँकेची थकबाकी २०२५ मध्ये सौदी अरेबिया व कतार यांनी भरली. रशियाचे तळ मात्र लगेच उठले नाहीत. ज्यांच्या गटावर रशियन विमानांनी वर्षानुवर्षे बॉम्ब टाकले, ते हयात तहरीर अल्-शामचे नेते व नवे अध्यक्ष अहमद अल्-शरा ऑक्टोबर २०२५ मध्ये मॉस्कोला जाऊन पुतिन यांना भेटले.