अर्धीच चॅनेल्स का जातात?

पावसाळ्यात टीव्हीवर ‘नो सिग्नल’ दिसू लागले की बहुतेक घरांत पहिला संशय गच्चीवरच्या छत्रीवर येतो. कोणीतरी वर जाऊन ती थोडी हलवून पाहतो, आणि मूळ बिघाडात स्वतःच्या हाताने केलेल्या दुसऱ्या बिघाडाची भर पडते. वास्तविक भिंतीत पक्की बसवलेली छत्री सहसा आपणहून वळत नाही. दोष बऱ्याचदा वायरीत, त्यातही तिच्या टोकांच्या कनेक्टरांत असतो, आणि कोणती चॅनेल्स गेली व केव्हा गेली हे नीट पाहिले तर तो कुठे आहे याचा अंदाज खाली बसूनही बांधता येतो.

त्यासाठी या वायरीचे काम समजून घ्यायला हवे. डीडी फ्री डिशची चॅनेल्स देणारा जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. म्हणून मुंबईतली त्याची छत्री आग्नेयेकडे तोंड करून असते. तिथून येणाऱ्या लहरींची वारंवारिता ११ ते १२ गिगाहर्ट्झच्या आसपास असते, आणि एवढ्या वारंवारितेचा सिग्नल साध्या वायरीत थोड्याच अंतरात विरून जातो. म्हणून छत्रीसमोरच्या दांड्यावरचा एलएनबी, म्हणजे लहरी पकडणारी छोटी डबी, तो सिग्नल वाढवतो आणि ९५० ते २,१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरवतो. ११,५०० मेगाहर्ट्झच्या सिग्नलमधून एलएनबीतील आंदोलकाचे (ठरावीक वारंवारिता निर्माण करणाऱ्या भागाचे) ९,७५० वजा झाले की १,७५० उरतात, आणि तेवढाच सिग्नल वायरीतून घरात येतो.

एलएनबीला वीज लागते, आणि ती त्याच वायरीतून उलट दिशेने वर जाते. गंमत अशी की ही वीजच हुकूमही पोहोचवते. सेट-टॉप बॉक्सने १३ व्होल्ट दिले की एलएनबी उभ्या ध्रुवणाच्या, म्हणजे उभ्या दिशेत कंप पावणाऱ्या, लहरी घेतो, १८ दिले की आडव्या. आणि उपग्रहाच्या लहरींमधला वरच्या वारंवारितांचा पट्टा हवा असेल तर त्याच तारेवर २२ किलोहर्ट्झचा सूर चढवला जातो. १३ की १८ याचा निवाडा एलएनबी साधारण १५ व्होल्टच्या आसपास करतो. आता एलएनबी १५० मिलिअँपिअर प्रवाह ओढत आहे आणि गंजलेल्या सांध्यात २० ओहमचा रोध तयार झाला आहे असे धरा. तेवढ्याने ३ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात, १८ चे १५ होतात, आणि हुकूम ‘आडव्या घे’ असा असूनही एलएनबीला ‘उभ्या घे’ असाच ऐकू येतो. ज्या सेवेची चॅनेल्स दोन्ही ध्रुवणांवर विभागलेली आहेत, तिथे अशा वेळी एक गट ठणठणीत चालतो आणि दुसरा पूर्ण गायब होतो. छत्री वळली असती तर दोन्ही गटांना फटका बसला असता.

बॉक्सच्या मेन्यूत ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’ असे दोन आकडे असतात. स्ट्रेंग्थ चांगली पण क्वालिटी शून्य असेल, तर एलएनबीचा स्वतःचा गोंगाट बॉक्सपर्यंत पोहोचतो आहे, म्हणजे वायर आणि वीज बहुधा शाबूत आहेत. तेव्हा मात्र छत्रीची दिशा तपासावी. दोन्ही शून्य असतील तर वायर तुटलेली आहे, शॉर्ट आहे, किंवा एलएनबी गेला आहे. दोन टीव्हींसाठी बाजारातला साधा केबलचा स्प्लिटर लावला असेल तर तो आधी काढावा, कारण तो बहुधा १,००० मेगाहर्ट्झपर्यंतच्याच कामाचा असतो.

पावसाचे दोन प्रकारचे परिणाम वेगळे ओळखायला हवेत. या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असल्याने मुसळधार सरींचे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. सर ओसरली की चित्र परत येते आणि दुरुस्त करण्यासारखे काही नसते. वायरीत शिरलेले पाणी मात्र पाऊस थांबल्यावरही तिथेच राहते.

कोकणातल्या आमच्या घरी असेच झाले. रात्री पाऊस पडून गेला की सकाळी काही चॅनेल्स ठोकळ्याठोकळ्यांनी फुटत, आणि दुपारी गच्ची तापली की आपोआप सुधारत. ती चॅनेल्स बहुतेक वायरीतल्या वरच्या वारंवारितांची होती. छत्रीसाठी वापरतात त्या चांगल्या आरजी-६ प्रकारच्या वायरीतही १०० मीटरला ९५० मेगाहर्ट्झवर सुमारे २० डेसिबल, तर २,१५० वर ३० हून अधिक घट होते, आणि पाणी शिरले की वरच्या टोकाचा तोटा आणखी वाढतो. बॉक्सचा प्लग काढून एलएनबीखालचा कनेक्टर उघडला, तर पितळेवर हिरवट कळंक चढला होता आणि वायर झटकल्यावर दोन थेंब पडले. बसवणाऱ्याने काळी टेप गुंडाळली होती. तिने पाणी अडवण्याऐवजी आत शिरलेले धरून ठेवले. बाहेरच्या आवरणाखालची तारांची जाळी दिव्याच्या वातीसारखी पाणी ओढते. सुमारे मीटरभर वायर सोलून पाहिली, तिथपर्यंत ती काळी पडली होती.

तेवढा तुकडा कापून टाकला. नव्या टोकाची जाळी मागे दुमडली, पांढरा फेसाळ गाभा कनेक्टरच्या आतल्या कडेशी बरोबर टेकेल असा कापला, आणि मधली तार तोंडाबाहेर दोनेक मिलिमीटर ठेवली. जाळीचा केसाएवढा एक धागाही मधल्या तारेला लागला तर शॉर्ट होते, म्हणून हे काम भिंगाखाली केले. चष्मा लागल्यापासून त्याला पर्याय उरलेला नाही. पिळून बसवायच्या कनेक्टरऐवजी दाबून बसवायचा, रबरी कडी असलेला वापरला, आणि वायरीला कनेक्टरच्या खाली झोळ दिला, म्हणजे पागोळीचे पाणी झोळाच्या तळाशीच ठिबकते. खाली येऊन बॉक्स सुरू केला तेव्हा क्वालिटीचा आकडा ३८ वरून ७४ वर गेला होता.