मारुती कांबळेच्या प्रश्नामागचं गाव

गुन्हा, सावल्या आणि कुणाचेच हात पुरते स्वच्छ नसलेली माणसं. असल्या अमेरिकी चित्रपटांना १९४६ मध्ये फ्रेंच समीक्षक निनो फ्रँक यांनी ‘फिल्म न्वार’ म्हटलं. ते बहुतेक शहरातले. मराठीतला त्या वळणाचा सर्वांत अस्सल रहस्यपट मात्र साखर कारखान्याच्या गावात घडतो. १९७५ चा ‘सामना’, लेखन विजय तेंडुलकर, दिग्दर्शन जब्बार पटेल.

सावल्यांचा खेळ आपल्याला नवा नव्हता. व्ही. शांताराम जर्मनीहून आले आणि १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ आला. त्यातला चंद्रमोहनचा पडदाभर डोळा प्रसिद्धच आहे. त्यांच्याच ‘पिंजरा’त (१९७२) मास्तरवर स्वतःच्याच खुनाचा आळ येतो. आणि सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळूंनी तर ‘जहरी प्याला’ वगात हवालदारांची जोडी रंगवून गुन्हा-तपासाची गोष्ट जत्रेजत्रेत नेली.

पण ‘सामना’तला काळोख प्रकाशयोजनेचा नाही, त्या काळच्या कारभाराचा आहे. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने उभे राहिले, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. कृष्णा-वारणाकाठी उसाच्या बिलावर पक्की घरं झाली, पोरं कॉलेजात गेली, हे कुणी नाकारू नये. मात्र कारखाना, बँक, पंचायत समिती ही सगळी कुलपं पुष्कळ ठिकाणी एकाच किल्लीनं उघडू लागली. तोडणीची पाळी कधी येणार इथपासून पोराच्या नोकरीपर्यंत सगळं एका शब्दावर. अशा गावात खुनाला साक्षीदार मिळत नाही, त्यासाठी कुणाला धमकावायलाही लागत नाही. तोंड उघडलं तर आपला ऊस रानातच वाळेल, एवढी धास्ती पुरते. ‘सामना’तला कारखान्याचा सर्वेसर्वा, निळू फुल्यांचा हिंदुराव, म्हणूनच आवाज न चढवताही भीती घालतो.

चित्रपटात ज्याचा खून दडपला जातो तो मारुती कांबळे फौजेतून परतलेला. आपशिंग्यासारखी फौजी गावं असलेल्या सातारा जिल्ह्यात, वर्दी घालून आलेला माणूस वाड्यासमोर मान का तुकवत नाही, हे समजावून सांगावं लागत नाही. त्यात आडनाव कांबळे. गावात त्याचं घर कुठल्या अंगाला असणार तेही प्रेक्षक ओळखतो.

तेंडुलकरांनी तपास फौजदाराकडे दिला नाही. तो दिला बाहेरून आलेल्या एका दारुड्या मास्तरकडे, म्हणजे डॉ. श्रीराम लागूंकडे. मला ही सगळ्यात पक्की बांधणी वाटते. त्याचा ना ऊस, ना जमीन, ना गावात सोयरीक. कारखान्याच्या काट्यावर त्याचं काहीच अडकलेलं नाही, म्हणून ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हे तो पुन्हा पुन्हा विचारू शकतो.