घरातलं नेट नेमकं अडतं कुठे?

सोलापुरात एका कनेक्शनवर दोन-तीन बिऱ्हाडं चालणं नवीन नाही. खाली आई-वडील, वर थोरला भाऊ, मागे पत्र्याच्या शेडमध्ये टॉवेलचे माग आणि तिथेच हिशेबाचा कॉम्प्युटर. बिल वाटून घेतलेलं असतं, पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असतो. संध्याकाळी नेट अडायला लागलं की फोन जातो तो कंपनीच्या माणसाला. तो येऊन राऊटर बंद-चालू करतो, तेवढ्यापुरतं भागतं. खरं तर बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे हे घरच्या घरी शोधता येतं, कारण टप्पे मोजकेच आहेत. बाहेरून येणारी फायबर (प्रकाशावर चालणारी काचेची वायर), भिंतीवरचा डबा, म्हणजे राऊटर, आणि डब्यापासून मोबाइलपर्यंतची हवा, म्हणजे वाय-फाय.

फायबरचं लगेच कळतं. डब्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर बाहेरचा प्रकाश आत पोचत नाहीये. वायर कुठेतरी तुटली असेल किंवा इतकी घट्ट वाकली असेल की प्रकाश वळणावर बाहेर निसटतो. अशा वेळी डबा कितीदा बंद-चालू केला तरी उपयोग नाही, तक्रारच नोंदवावी.

दिवे ठीक असतील तर लॅपटॉप लॅन केबलने थेट डब्याला जोडा, बाकीच्यांना थोडा वेळ थांबायला सांगा आणि वेग मोजा. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि डाउनलोड बहुतेकदा मेगाबाइटमध्ये दिसतं, म्हणून ४० चा प्लॅन पडद्यावर ५ दिसला तर त्यात फसवणूक नाही. ८ बिटांचा एक बाइट होतो. केबलवर वेग पुरेपूर मिळतो आणि वाय-फायवर मिळत नाही, असं दिसलं की कंपनीला फोन करण्यात अर्थ उरत नाही. वाय-फायवरूनच राऊटरच्या पत्त्याला, बहुधा १९२.१६८.१.१ ला, 'पिंग' करून पाहा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजा. उत्तर काही मिलिसेकंदांत यायला हवं. ते मधूनच २००-३०० वर उडत असेल तर अडचण घरातल्या हवेत आहे.

या हवेबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण वाटून घेतलेल्या नेटची बहुतेक दुखणी इथली आहेत. एका चॅनेलवर, म्हणजे वाय-फायच्या लहरींच्या एका ठरावीक पट्ट्यात, एका वेळी एकाच उपकरणाला बोलता येतं. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अलोहानेट' हे बिनतारी नेटवर्क सुरू केलं, तेव्हा नियम साधा होता. पाठवायचं असेल तर पाठवा; दोघांचं एकमेकांवर आदळलं तर प्रत्येकाने आपापला यादृच्छिक वेळ थांबून पुन्हा पाठवा. वाय-फायने त्यात एक शिस्त घातली: आधी कान द्या, हवा मोकळी असेल तरच बोला.

पण इथे पाळी सारखी मिळते, वेळ सारखा मिळत नाही. सार्वजनिक नळावर प्रत्येकाला एकेकच भांडं भरायची पाळी असावी आणि एकाने अगदी अरुंद तोंडाची घागर आणावी, तसं होतं. १५०० बाइटचं पॅकेट, म्हणजे माहितीचा एक तुकडा, ५४ मेगाबिटच्या वेगाने पाव मिलिसेकंदाच्या आत जातं. लांबच्या खोलीतला, रेंज क्षीण झालेला मोबाइल ६ मेगाबिटवर उतरला की त्याच पॅकेटला २ मिलिसेकंद लागतात. जवळपास नऊपट. तेवढा वेळ राऊटरशेजारी बसलेलाही थांबतो. म्हणून शेडमधल्या एका जुन्या फोनमुळे अख्ख्या घराचं नेट रेंगाळू शकतं, आणि तिथे ५० चा प्लॅन १०० चा करणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

रेंज क्षीण का होते, याची उत्तरं आपल्या घरांच्या बांधणीतच आहेत. जुन्या पेठांतल्या जाड दगड-मातीच्या भिंती, वरचं माळवद, नव्या घरांतला लोखंडी सळयांचा स्लॅब, मागांचे लोखंडी सांगाडे, पत्र्याची शेड. धातू लहरी परतवतो, दगड-माती त्यांना शोषते. एप्रिल-मे महिन्यात दारात कूलर येतो, म्हणजे पत्रा आणि पाणी दोन्ही एकदम वाटेत येतात. उन्हाळ्यातच बेडरूममध्ये नेट जात असेल तर आधी कूलर कुठे आहे ते पाहा. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, ५ गिगाहर्ट्झची सुमारे सहा. दुसरी वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हरते. म्हणून एकाच खोलीत ५ आणि भिंतीपलीकडे २.४ वापरणं बरं. मोबाइलवरचं वाय-फाय अ‍ॅप रेंज उणे डेसिबलमध्ये दाखवतं. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० वाईट. दर १० ला शक्ती दहापट घटते, त्यामुळे उणे ५० आणि उणे ८० यांत हजारपटीचं अंतर आहे.

शेजाऱ्यांचे राऊटरही त्याच हवेत असतात. २.४ वर आपल्याकडे १३ चॅनेल दिसतात, पण एकमेकांवर न चढणारे तीनच: १, ६ आणि ११. मधला ३ किंवा ४ 'रिकामा' दिसतो म्हणून निवडू नका. एकाच चॅनेलवरचे राऊटर एकमेकांचं बोलणं ओळखून थांबतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलचं बोलणं मात्र निव्वळ गोंगाट ठरतं.

वरच्या मजल्यासाठी दुसरा राऊटर लावला की नवाच घोळ होऊ शकतो. दोन्ही राऊटर पत्ते वाटू लागतात, आणि पहिल्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याचाही तोच निघू शकतो. मग कुणाला वाय-फाय दिसतं पण नेट मिळत नाही. दुसऱ्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि लॅनच्या भोकातून लॅनच्याच भोकात केबल जोडा. केबलऐवजी वायरलेस रिपीटर घ्यावासा वाटेल, पण साधा रिपीटर प्रत्येक पॅकेट त्याच चॅनेलवर दोनदा बोलतो, म्हणजे आधीच अपुरी हवा आणखी निम्मी होते. शेडपर्यंत मी तरी केबलच टाकेन. ती १०० मीटरपर्यंत पूर्ण वेगाने चालते. फक्त उघड्यावरून नेताना बाहेर वापरायची, काळ्या आवरणाची घ्या, साधं आवरण आपल्या उन्हात तडकतं.