चेकनट, वेल्डिंग आणि रिकॉलची कुळकथा

फेब्रुवारी २०१९ मध्ये फियाट क्रायस्लरने आपल्या रॅम २५०० आणि ३५०० या जड पिकअप ट्रकांपैकी सुमारे ६ लाख ६० हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, म्हणजे रिकॉल केल्या. गाड्या प्रामुख्याने २०१३ ते २०१७ या वर्षांच्या आणि बहुतेक अमेरिकेतल्या. दोष होता स्टिअरिंगची हालचाल चाकाकडे नेणाऱ्या ड्रॅग लिंक नावाच्या दांड्यावरच्या चेकनटात, म्हणजे जोड घट्ट धरून ठेवणाऱ्या नटात. हा नट ढिला पडू शकतो, मग लिंक आट्यांतून निसटू शकते. तसं झालं की ड्रायव्हरच्या हातात नुसतं स्टिअरिंग फिरत राहतं, चाकं काही वळत नाहीत. उपाय ठरला तो असा: तपासणी करायची, लिंक खराब झाली असेल तर बदलायची आणि नट वेल्ड करून टाकायचे.

गॅरेजात हात काळे केलेला कुणीही इथे थबकेल. चेकनट असतोच मुळी सोडण्यासाठी आणि पुन्हा आवळण्यासाठी. तो वेल्ड केला म्हणजे जोड कायमचा बंद झाला. कंपनी या टोकाला का आली हे समजायचं तर पन्नास-साठ वर्षं मागे जावं लागतं, कारण या गाड्यांचा पुढचा अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांना जोडणारा आडवा कणा, जुन्या पद्धतीचा आहे आणि त्याच्याभोवतीचं भांडणही तितकंच जुनं आहे.

आधी अ‍ॅक्सल. साध्या मोटारीत पुढची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे खालीवर होतात. रॅम किंवा फोर्डच्या जड फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपमध्ये मात्र अजूनही सलग, एकसंध अ‍ॅक्सल असतो. बांधकामाचं सामान, घोड्यांचे ट्रेलर, बर्फ ढकलायचे फाळ असलं काम करणाऱ्यांना तोच हवा असतो, कारण तो दणकट आणि दुरुस्तीला सोपा. २०१३ च्या रॅम ३५०० ची जाहिरातच ३०,००० पाउंड, म्हणजे साडेतेरा टनांहून जास्त वजन ओढण्याची होती. अशा गाडीचं स्टिअरिंग वळवणारी साखळी लांबलचक असते. स्टिअरिंग बॉक्समधून बाहेर आलेला पिटमन आर्म हलतो, तो ड्रॅग लिंक नावाचा आडवा दांडा ढकलतो, त्या दांड्याने चाक ज्यावर बसलेलं असतं तो नकल वळतो आणि टाय रॉडमुळे दुसरं चाकही बरोबर फिरतं. प्रत्येक जोडावर एक बॉल जॉइंट, म्हणजे सगळीकडे फिरू शकणारा गोल सांधा. एकीकडे खड्डे, दुसरीकडे ओझं, आणि मध्ये या सगळ्या जोडांवर सतत हादरे.

ड्रॅग लिंकच्या मध्यावर आटे पाडलेली एक नळी असते. एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्या टोकाला डावे. मांडवाच्या तारा ताणायला टर्नबकल वापरतात, अगदी तीच करामत. नळी फिरवली की दांड्याची लांबी कमीजास्त होते आणि गाडी सरळ जात असताना स्टिअरिंग सरळ ठेवता येतं. अलाइनमेंटवाला हेच करतो. नळी मागाहून आपोआप फिरू नये म्हणून दोन्ही बाजूंना चेकनट आवळतात. नट पुरेशा जोराने आवळला नाही, किंवा हादऱ्यांनी सैल झाला, तर नळी किंचित थरथरू लागते. त्या थरथरीने आटे खाल्ले जातात. ड्रायव्हरला कळलंच तर स्टिअरिंगमधला प्ले, म्हणजे मोकळी ढिलाई, वाढल्यासारखा वाटतो. नाही कळलं तर नाहीच. म्हणजे दोष डिझाइनचा म्हणावा तर बहुसंख्य गाड्या नीट चालतात, आणि माणसाच्या हाताचा म्हणावा तर लाखो गाड्यांत तो संभवतो. रिकॉलच्या कायद्याला सगळ्यात जास्त डोकेदुखी याच जातीच्या दोषांनी दिली आहे.

तो कायदा १९६६ चा. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्या वर्षी ९ सप्टेंबरला त्यावर सही केली. पण मूळ कायद्याने कंपनीवर फक्त कळवण्याची जबाबदारी टाकली होती: तुमच्या गाडीत धोकादायक दोष आहे, एवढं पत्र पाठवा. दुरुस्ती फुकट करून द्या, असं त्यात नव्हतं. कंपन्या बहुतेक वेळा ती करून देत, पण सक्ती आली ती १९७४ च्या दुरुस्तीनंतर.

दरम्यान एक खटला उभा राहिला होता आणि तोही पाऊण टनी पिकअपचाच, म्हणजे आजच्या २५०० वर्गाच्या पूर्वजांचा. जनरल मोटर्सच्या १९६० ते १९६५ च्या अशा गाड्यांना बसवलेली केल्सी-हेझ कंपनीची डिस्क चाकं तुटत होती. गाड्या सुमारे दोन लाख. त्या काळात अमेरिकेत पिकअपच्या हौद्यावर कॅम्पर, म्हणजे छोटी खोलीच, चढवून सहलीला जायची लाट होती. कॅम्पर चढवलेल्या गाड्यांची चाकं बदलून द्यायला कंपनी तयार झाली. बाकीच्यांबद्दल मात्र तिचं म्हणणं असं की लोक जास्त भार घालतात, दोष त्यांचा, चाकांचा नव्हे.

वॉशिंग्टनच्या फेडरल अपील न्यायालयाने १९७५ मध्ये जो निकष घालून दिला, त्यावर पुढचं सगळं उभं आहे. मोडतोड लक्षणीय संख्येने होत असेल आणि ती गाडीच्या नेहमीच्या वापरात होत असेल, तर तो दोष. आणि नेहमीच्या वापरात मालकाने केलेली साधारण, अपेक्षित हयगयही धरायची. अतोनात गैरवापर असेल तरच कंपनी सुटते, आणि तो दाखवून देणं कंपनीकडे. माझ्या मते रिकॉलच्या इतिहासातला हा सगळ्यात समंजस निकाल. पिकअपमध्ये माणसं थोडा जास्त माल भरणारच, हे ज्याला ठाऊक नाही त्याने पिकअप बनवूच नये.

दोन वर्षांनी त्याच न्यायालयापुढे स्टिअरिंगच आलं. १९५९ आणि १९६० च्या कॅडिलॅक गाड्यांचे पिटमन आर्म तुटत होते. या गाड्या पिकअप नव्हत्या, पण भाग तोच. कंपनीचा बचाव होता की आर्म तुटतो तो गाडी हळू चालवताना, पार्किंगसाठी स्टिअरिंग पूर्ण वळवताना. मग धोका कसला? न्यायालयाने तो मानला नाही. स्टिअरिंग हातातून गेलं की वेग कितीही असो, धोका धोकाच.

यानंतर दोष म्हणजे काय, हा प्रश्न बऱ्यापैकी मिटला. दुरुस्ती म्हणजे काय, हा मात्र तसाच राहिला. कायद्यात तीन वाटा होत्या: दुरुस्त करा, बदलून द्या किंवा पैसे परत करा. कुठली वाट घ्यायची हे कंपनी ठरवणार, आणि ती अर्थातच पहिली, स्वस्तातली. केलेली दुरुस्ती टिकते का, वेळेत होते का, भाग मिळतात का, याकडे सरकारी खात्याचं लक्ष बेताचंच असे. २००० साली फायरस्टोन टायर फुटून झालेल्या अपघातांच्या प्रकरणानंतर नवा कायदा आला, तक्रारी आणि अपघातांची माहिती कंपन्यांनी नियमितपणे देण्याची सक्ती झाली. पण तो भर दोष लवकर सापडावा यावर होता.

दुरुस्तीचा प्रश्न चव्हाट्यावर आला तो पुन्हा रॅममुळेच. नोव्हेंबर २०१३ मध्ये क्रायस्लरने २००३ ते २०१२ या काळातल्या मिळून सुमारे १२ लाख रॅम ट्रकांसाठी स्टिअरिंगचा रिकॉल काढला. डाव्या बाजूच्या टाय रॉडचा बॉल स्टड, म्हणजे बॉल जॉइंटचा खुंटा, तिरपा बसल्याने कालांतराने मोडू शकतो, असं कारण दिलं होतं. यातली बोचरी गोष्ट अशी की काही गाड्यांत तो कारखान्यात जोडतानाच तिरपा बसला होता, तर काहींत नंतर स्टिअरिंगचं काम करताना. म्हणजे गाडी एकदा गॅरेजात जाऊन आली, ही खात्रीची नव्हे तर संशयाची बाब झाली.

गाड्या आधी तपासायच्या आणि जिथे गरज असेल तिथे भाग बदलायचा, असं ठरलं. पत्रं गेली. पण भाग पुरेसे नव्हते. मालकाच्या हातात कंपनीचं पत्र, ज्यात लिहिलंय की स्टिअरिंग निकामी होऊन अपघात होऊ शकतो. आणि डीलर सांगतोय की माल आला की फोन करतो. ज्याचं पोट त्याच ट्रकवर आहे त्याने मधल्या काळात काय करायचं? तो ट्रक चालवतच राहतो. घरात दुसरी गाडी असलेल्या माणसासाठी रिकॉल ही गैरसोय असते, सुताराला किंवा प्लंबरला ती रोजी बुडण्याची गोष्ट असते.

२ जुलै २०१५ रोजी अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने, म्हणजे एनएचटीएसएने, या कंपनीची जाहीर सुनावणी घेतली. एकट्या कंपनीचे २३ रिकॉल, १ कोटी १० लाखांहून जास्त गाड्या. खात्याचे प्रमुख तेव्हा मार्क रोझकाइंड होते. महिना संपायच्या आत तडजोड झाली. परिणामकारक दुरुस्ती वेळेत न करणं, मालकांना आणि डीलरांना नीट न कळवणं आणि सरकारला पूर्ण माहिती न देणं, या तिन्ही बाबतींत चुकल्याचं कंपनीने मान्य केलं. दंड १०.५ कोटी डॉलर. त्यातले ७ कोटी रोख, २ कोटी सुधारणांवर खर्च करायचे आणि दीड कोटी पुन्हा कसूर झाली तर भरायचे. डिसेंबरमध्ये अपघातांची माहिती पूर्णपणे न कळवल्याबद्दल आणखी ७ कोटींची भर पडली.

दंडाचे आकडे बातम्यांत गाजले, पण खरी नवी गोष्ट वेगळीच होती. ज्या रॅम ट्रकांची दुरुस्ती झालेली नव्हती ते कंपनीने विकत परत घ्यायचे, असं कलम त्यात होतं. हिशेब असा: मूळ किंमत, वजा वाजवी घसारा, अधिक १० टक्के. कागदोपत्री पाच लाखांवर गाड्या यात येत होत्या. कंपनीच्या म्हणण्यानुसार त्यातल्या साठ टक्क्यांहून अधिक तोवर दुरुस्त झाल्या होत्या. परत घेतलेली गाडी दुरुस्त करून पुन्हा विकायची मुभाही होती. तरीही ‘पैसे परत करा’ ही कायद्यातली झोपी गेलेली तिसरी वाट पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या प्रमाणावर उघडली. कंपनीवर तीन वर्षांसाठी स्वतंत्र देखरेख बसली आणि ते काम माजी परिवहन मंत्री रॉडनी स्लेटर यांच्याकडे गेलं. त्याच वर्षअखेरीस आलेल्या कायद्याने मोफत दुरुस्तीची मुदत दहावरून पंधरा वर्षांवर नेली आणि दंडाची कमाल मर्यादा साडेतीन कोटींवरून १०.५ कोटी डॉलरवर.

हे सगळं पाठीशी असताना २०१९ चा वेल्डिंगचा निर्णय वाचला की त्यातला तर्क लक्षात येतो. लाखो नवे ड्रॅग लिंक बनवून देशभर पोहोचवायला वेळ लागला असता आणि २०१३ सारखी भागांची टंचाई पुन्हा ओढवून घेणं परवडणारं नव्हतं. वेल्डिंगचं मशीन बहुतेक वर्कशॉपमध्ये असतं. शिवाय वेल्ड केलेला नट पुन्हा ढिला पडण्याचा प्रश्नच नाही.

किंमत मात्र मालकाकडून वसूल होते, आणि तीही उशिरा. पुढे कधी सस्पेन्शनचं काम निघालं, गाडी दोन इंच उचलून मोठे टायर टाकले (या गाड्यांत हा शौक सर्रास) आणि स्टिअरिंग वाकडं आलं, तर नळी फिरवून ते सरळ करता येत नाही. वेल्ड कापा, नाहीतर अख्खी लिंक नवी घ्या. त्यातून वेल्डिंग हे हाताचं काम. आटे आणि बॉल जॉइंटचं ग्रीस जवळ असताना उष्णता किती द्यायची, टाका किती खोल मारायचा, नट वेल्ड करण्याआधी स्टिअरिंग सरळ आहे ना हे पाहिलं की नाही, हे सगळं त्या दिवशी कामावर असलेल्या माणसावर. चेकनट नीट आवळला जाईल याची खात्री नव्हती म्हणून जो उपाय काढला, तोही शेवटी कुणाच्या तरी हातावरच अवलंबून.

याच अ‍ॅक्सलचं दुसरं दुखणं रिकॉलच्या बाहेरच राहिलं. एखाद्या पुलाच्या सांध्यावरून वेगात गेल्यावर पुढची चाकं अचानक जोरजोराने डावी-उजवीकडे थरथरू लागतात आणि गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ती थांबत नाहीत. तिकडचे मालक याला डेथ वॉबल म्हणतात. फोर्डच्या सुपर ड्यूटी ट्रकांबद्दल २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेडरल न्यायालयात मालकांनी सामूहिक दावा लावला. त्याच वर्षी फियाट क्रायस्लरने जीप रॅंगलरसाठी नवा स्टिअरिंग डॅम्पर (हादरे शोषणारा भाग) फुकट बसवून द्यायला सुरुवात केली, पण ग्राहकसेवा म्हणून, सुरक्षेचा रिकॉल म्हणून नव्हे. हा फरक दिसतो तेवढा किरकोळ नाही. रिकॉल सरकारी नोंदीत जातो, २०१४ पासून चासी नंबर टाकून कुणीही तो तपासू शकतो. ग्राहकसेवेची नोंद तशी राहत नाही. आणि नुसता डॅम्पर बदलला तर थरथर दबते, झिजलेला ट्रॅक बार (अ‍ॅक्सलला जागेवर धरणारा दांडा) किंवा बॉल जॉइंट तिथेच असतो.

रॅंगलर २०२१ पासून पुण्याजवळ रांजणगावातही जोडली जाते, त्यामुळे सलग अ‍ॅक्सलची ही जात आपल्याला अगदीच परकी नाही. आपल्याकडे रिकॉल बरीच वर्षं कंपन्यांच्या मर्जीवर होता. २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या संघटनेने ऐच्छिक संहिता आणली, २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात सरकारला सक्तीचा अधिकार मिळाला आणि १ एप्रिल २०२१ पासून १० लाख ते १ कोटी रुपये दंडाचे नियम लागू झाले. जुलै २०२३ मध्ये मारुतीने एस-प्रेसो आणि ईकोच्या ८७,५९९ गाड्या बोलावल्या त्या स्टिअरिंगच्या टाय रॉडसाठीच. पण भारतीय नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच लागू आहे. अमेरिकेत मोफत दुरुस्तीचा हक्क पंधरा वर्षांचा असूनही, जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने रिकॉल बाकी असलेली गाडी विकू नये अशी देशव्यापी सक्ती नाही. भाड्याच्या मोठ्या ताफ्यांना ती २०१६ पासून आहे. आपल्याकडची पिकअप सात वर्षांची होते तेव्हा ती भाजी, सिमेंट आणि सळया वाहत भर कामात असते, आणि पुष्कळदा तोवर दुसऱ्या मालकाच्या नावावर गेलेली असते.